पाना आपल्याच हातात हवा



हेदवीच्या एका आंबा बागायतदाराच्या अंगणात जुनी फोर-व्हील जीप उघडलेली पाहिली. चढावर क्लच घसरत होता. दोघा भावांनी चाकांना दगड लावले, चेसिस लाकडी ठोकळ्यांवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरले नाही. ट्रान्सफर केससकट गिअरबॉक्स उतरवला, जुन्या शाफ्टच्या आधाराने नवी क्लच प्लेट मधोमध बसवली, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. संध्याकाळी जीप चढ चढून गेली.

आपण कापूस-ज्वारीवाले. आपल्याला याचे काय? कोरडवाहू पेरणीला वाफसा दोनचार दिवसांचा. तेवढ्यात ट्रॅक्टर उभा राहिला, तर वाफसा कंपनीच्या मेकॅनिकसाठी थांबत नाही. नव्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक्स आले. बिघाड शोधायलाही कंपनीचेच उपकरण लागू लागले, तर पाना असून हात बांधलेले.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2023 साली कायदा केला: शेतीयंत्रांची माहितीपुस्तके, सुटे भाग, दुरुस्तीची साधने कंपन्यांनी शेतकऱ्याला द्यायची. 1 जानेवारी 2024 पासून तो लागू झाला. आपल्याकडे केंद्राने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात शेतीअवजारेही घेतली. डिसेंबरात पोर्टल उघडले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव करा: माहितीपुस्तक मराठीत, सुटे भाग खुल्या बाजारात, बिघाड वाचणारे उपकरण गावच्या मिस्त्रीलाही विकत मिळावे. यंत्राचे हप्ते आपण फेडायचे आणि ते उघडायला परवानगी दुसऱ्याची, ही कसली मालकी?