पाऊल कुणाचं?

आमच्या ऑफिसात एक बिगफूटवाला आहे. एरवी तो टेस्टिंगमध्ये असतो, पण कॅन्टीनमध्ये चहाचा कप हातात आला की थेट अमेरिकेतल्या जंगलात! आठ फुटी, केसाळ, दोन पायांवर चालणारं ते जनावर आहेच, असा त्याचा दावा. आणि मी? मी ऑफिशियल शंकेखोर. त्याने व्हिडिओ दाखवायचा, मी खोट काढायची. दर शुक्रवारची फुकट करमणूक.

माझा हुकमी एक्का म्हणजे १९५८ साल. त्या वर्षी कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकला रस्त्याचं काम चालू असताना भल्यामोठ्या पावलांचे ठसे सापडले. तिथल्या पेपरने बातमी छापली आणि 'बिगफूट' हे नाव जगभर झालं. २००२ मध्ये त्या कामाचा कॉन्ट्रॅक्टर रे वॉलेस वारला आणि घरच्यांनी त्याची लाकडी पावलं बाहेर काढली. संपला विषय? छे! भक्त म्हणाले, ही लाकडं सगळ्या ठशांशी जुळतच नाहीत. हिमालयातल्या यतीचंही तेच. २०१७ मध्ये 'यतीचे' म्हणून जपलेले ९ नमुने डीएनए तपासून पाहिले. ८ निघाले अस्वलांचे आणि उरलेला एक कुत्र्याचा. 'कुत्रा!' हा शब्द मी कॅन्टीनमध्ये टेबल वाजवून उच्चारला होता.

अशा विजयी मूडमध्ये असतानाच मामीचा फोटो आला.

माझं आजोळ अकोले तालुक्यातलं. जिल्हा नगर, कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण मामाच्या तोंडी अजून नगरच. प्रवरेच्या खोऱ्यात मामाचा ऊस आहे. मामीने फॅमिली ग्रुपवर पाटाच्या कडेच्या चिखलातल्या एका पावलाचा फोटो टाकला होता. खाली एकच ओळ : 'रात्री वाघ आला होता.' तिकडे बिबट्याला सरसकट वाघच म्हणतात.

मी फोटो झूम केला. चार बोटं, आणि बोटांच्या पुढे बारीक टोचे. आता एवढं मलाही माहीत आहे, की बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. ठशात ती सहसा उमटत नाहीत. लगेच टाइप केलं, 'मामी, नखं दिसतायत. कुत्रं आहे.' वर डोळा मारणारी स्मायली. मामेभावंडांनी हसून घेतलं. मामीने लिहिलं, 'बरं.'

दिवाळीला गेलो तेव्हा अंगणात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एरवी गाडीच्या आवाजाला धावत येणारा मोती दिसेना.

"मोती कुठंय गं?"

"त्या रात्रीपासनं नाही," मामी भांडी घासता घासता म्हणाली. "एकदाच केकाटला. मी खिडकीतनं पाहिलं तर पिवळं, लांब शेपटीचं. पण तू म्हणलास कुत्रं आहे. म्हटलं, असंल."

मंडळी, यावर काय बोलणार?

परत आल्यावर मी तो अभ्यास केला, जो निकाल देण्याआधी करायला हवा होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या टीमने अकोल्याच्याच शेतशिवारात कॅमेरे लावून बिबटे मोजले होते. २०१३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. जंगल नाही, नुसती शेतं आणि वस्ती, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं. तरी तिथे १०० चौरस किलोमीटरमागे जवळजवळ ५ प्रौढ बिबटे निघाले. साधारण तेवढीच तरसंही. पुढे बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता.

म्हणजे कुत्र्याचं पाऊल हा बिबट्या नसल्याचा पुरावा नव्हताच. उलट, तो त्याच्या जेवणाचा पत्ता होता! शिवाय तरसाच्या ठशातही नखं उमटतात. फोटोत मापाला शेजारी साधी काडेपेटीही नव्हती. तेव्हा माझं 'कुत्रं आहे' हीसुद्धा अंदाजपंचे ठोकलेली गोष्ट.

याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये एक बिबट्या विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढून, जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. वय बघून नाव ठेवलं आजोबा. आजोबा महिन्याच्या आत शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचले! २०१४ मध्ये त्यांच्यावर सिनेमाही आला. गळ्यात कॉलर नसती आणि टाकळीतलं कुणी 'आपला वाघ मुंबईला गेला' म्हणालं असतं, तर मी कोणती स्मायली टाकली असती ते तुम्हीच ओळखा.

म्हणून मी बिगफूटवाल्याला शरण गेलोय का? मुळीच नाही. इतक्या वर्षांत एक हाड नाही, एक दात नाही; त्याने ते आणेपर्यंत शुक्रवारचा वाद चालूच राहणार. तिथे मी चुकलो तर चहाचं बिल माझं. अकोल्यात मामा रात्री-अपरात्री लाईट आली की मोटर चालू करायला उसातून जातो. हल्ली एआयवर कुठल्याही गेटवर बिबट्या बसवता येतो, त्यामुळे फोटोवर शंका घ्यायलाच हवी. पण ठसा चुकीचा निघाला म्हणून पाहणारी खोटी ठरत नाही. घरातल्या बाईला 'वाघ दिसला' म्हणायची चोरी झाली, तर मामाला सावध कोण करणार?

मी मामीला फोन केला. आधी सॉरी म्हटलं. मग राहवेना म्हणून सांगितलं, "पुन्हा ठसा दिसला तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ."

"पट्टी सापडंस्तोवर थांबंल का तो?" मामी म्हणाली. "मी आधी दार लावते."

नाताळच्या सुट्टीत पुन्हा गेलो. रात्री मामाबरोबर मोटरीपर्यंत चालत निघालो. हातात बॅटरी, मोबाइलवर फुल आवाजात गाणी, शिवाय आम्ही दोघं उगाचच मोठमोठ्याने बोलत. पाटाच्या कडेला, उजेडात, एक ताजा ठसा दिसला.

नखं होती का? खरं सांगू? मी वाकून बघितलंच नाही.