कानांनी वाचताना

फराळाची ताटली शेजारी ठेवून, पाय पसरून जे वाचक दिवाळी अंकातले हे सदर वाचत असतील, त्यांचा मला फार हेवा वाटतो. फराळाचा नव्हे, वाचण्याचा! तुमची नजर ओळीवरून आगगाडीसारखी सरळ जाते. माझी तशी जात नाही. ओळीच्या मध्यावर पोचते न पोचते तोच 'कमल'चे 'कलम' होते, एखादी वेलांटी गळून पडते, 'मोर'चा काना नाहीसा होतो आणि मी पुन्हा ओळीच्या आरंभाशी येऊन उभी राहते. आणि मी, वाचकहो, मराठीची प्राध्यापिका आहे.

या प्रकाराला डिसलेक्सिया म्हणतात हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळले, तेही मुलीमुळे. ती तिसरीत असताना तिची तपासणी झाली. समुपदेशक बाई तिच्याबद्दल एकेक प्रश्न मला विचारीत होत्या आणि प्रत्येक प्रश्नाला माझे मन आतून 'माझेही असेच होते' असे उत्तर देत होते. मग ध्यानात आले की मी एम. ए. झाले ती बहुतेक कानांच्या जोरावर. लहानपणी आजी पोथी वाचायची, वसतिगृहात मैत्रीण मोठ्याने अभ्यास करायची. मी ऐकायचे आणि एकदा ऐकलेले विसरायचे नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. मुलगा हुशार, पण वाचता म्हणून येत नसे. त्याच्या मास्तरांचे मत असे की सगळे शिक्षण तोंडी दिले तर शाळेत याच्यासारखा हुशार दुसरा निघणार नाही. त्या अनोळखी मास्तरांना मी मनोमन नमस्कार केला.

आता मेंदूची ठेवण निराळी असलेल्या मंडळींना 'न्यूरोडायव्हर्जंट' असा जरा जिभेला व्यायाम देणारा शब्द रूढ झाला आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात अध्ययन अक्षमताही आली. मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळू लागला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण हीच मुले मोठी होऊन मास्तर झाली म्हणजे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मास्तराने डिसलेक्सिक असणे म्हणजे हलवायाला मधुमेह असण्यासारखे लोकांना वाटते. तसे हलवाईही पुष्कळ असतात म्हणा!

तर माझ्या मुलीने माझा मोबाइल हाती घेतला आणि म्हणाली, "आई, तू मला ऐकवतेस तसं हा तुला वाचून दाखवेल." मी ज्ञानेश्वरांवरचे माझे टिपण त्यात घातले. आतली बाई मोठ्या गोड आवाजात सुरू झाली. तिकडे करंज्यांना मुरड घालीत बसलेल्या माझ्या सासूबाईंचा हात थांबला. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. उच्चाराच्या बाबतीत देवालाही माफ करायच्या नाहीत.

"अगं, ही बाई कुठली? इंदूरची का?"

"नाही हो आई, मोबाइलमधली."

"इंदूरचीही नसणार म्हणा. माझी मावशी सगळा जन्म इंदुरात राहिली, पण ज्ञानेश्वरांना 'ग्यानेश्वर' कधी म्हणाली नाही!"

बाईंचा दोष नव्हता. ती हिंदी होती आणि हिंदीप्रमाणेच वाचीत होती. कारण असे की मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत आणि देवनागरीतली कोकणी यांची अक्षरे संगणकाच्या युनिकोडमध्ये एकाच जागी राहतात. देवनागरीला तिथे १२८ घरे दिली आहेत. म्हणजे एका चाळीत पाच बिऱ्हाडे, आणि दारावर पाटी एकाच्याही नाही. पोस्टमन काय करणार? सगळी पत्रे सगळ्यांत मोठ्या बिऱ्हाडात टाकून मोकळा! भाषेची पाटी निराळी लावावी लागते. मराठीची खूण 'एमआर', हिंदीची 'एचआय'. ती मजकुरावर नसेल, तर यंत्र आपल्या आधीच्या सवयीवर जाते, आणि आपल्याकडच्या पुष्कळ यंत्रांची सवय हिंदी किंवा इंग्रजीची असते.

अक्षरे तीच असताना एवढे काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. ऐका तर. 'पैसा' आपण 'पइसा' म्हणतो. ती 'पॅसा' म्हणायची. 'औषध'चे 'ऑषध'. 'ऋतू' आपला 'रुतू', तिचा 'रितू'. उत्तीर्ण होण्याचे गुण ३५, ते 'पैंतीस'. 'केलं', 'गेलं' यांवरचा टिंब म्हणजे आपल्याकडे अकार किंचित लांबवण्याची खूण. तिने तो नाकात नेला, तेव्हा सगळा परिच्छेद पडसे झाल्यासारखा ऐकू आला. आणि 'च'! 'चंद्र'मधला 'च' निराळा आणि 'चांदणे'मधला निराळा, हे मराठी मूल दुधाबरोबर शिकते. 'माझी' म्हणताना जीभ टाळूकडे जाते, 'माझा' म्हणताना दातांकडे. लिहिताना दोन्हीकडे 'झ' एकच. हा फरक कागदावर नाही. तो बोलणाऱ्याच्या तोंडात आहे. म्हणून ज्याला भाषा येते त्यालाच तो वाचता येतो.

नजर धड असलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल आणि प्रकरण तिथेच मिटेल. आमची गोष्ट वेगळी. माझ्या डोळ्यांना शंका आली म्हणजे मी कानाला साक्षीला बोलावते. साक्षीदारच परगावचा निघाला, तर पंचाईत! डोळे सांगतात 'ज्ञान', कान सांगतो 'ग्यान', आणि मी उत्तरपत्रिकेच्या त्याच ओळीवर चहा गार होईपर्यंत अडकते. स्टीफन हॉकिंग जन्माचे इंग्रज, पण त्यांच्या यंत्राचा आवाज अमेरिकी वळणाचा होता. पुढे त्याहून चांगले आवाज निघाले तरी त्यांनी तो बदलला नाही, कारण तोच आपला आवाज असे ते मानू लागले होते. पण ते त्या आवाजात बोलत असत. ऐकायचे काम जगाकडे होते.

उपाय मात्र अगदी साधा निघाला. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणून एक दालन असते. पुष्कळ फोनांत तिथेच 'टेक्स्ट टू स्पीच' सापडते. त्यात भाषा 'मराठी' निवडायची, मराठी आवाज उतरवून घ्यायचा आणि वेग व पट्टी आपल्या कानाला बसेल अशी ठेवायची. संगणकावर लिहिताना मजकूर निवडून त्याची भाषा मराठी आहे असे सांगून ठेवावे; मधले इंग्रजी उतारे इंग्रजी म्हणून. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये मराठी वाचणारे दोन आवाज आहेत, त्यांची नावे आरोही आणि मनोहर. जुन्या मराठी नाटकातले जोडपेच जणू! सासूबाईंनी दोघांची रीतसर तोंडी परीक्षा घेतली. "मनोहर बरा वाचतो," त्या म्हणाल्या, "पण स्वल्पविरामाला थांबायला शिकव त्याला."

वेगाचे म्हणाल तर तो ज्याचा त्याने ठरवावा. मला मंद लागतो, म्हणजे शब्द आणि अक्षरे यांची गाठ पडते. आमच्या विज्ञान शाखेत एक सहकारी आहेत, त्यांचे चित्त एका जागी दहा मिनिटे ठरत नाही. तेही तपासणी करून घेतलेले, एडीएचडीवाले. वीस पानी परिपत्रक ते दीडपट वेगाने ऐकतात, आणि तेही गच्चीवर येरझारा घालीत. एकाच परिपत्रकावर आम्हा दोघांची अशी दोन टोकांची सोय. परिपत्रक मात्र दोघांनाही सारखेच कंटाळवाणे लागते.

सगळे असे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. जुन्या प्रश्नपत्रिका ज्या फाँटांत टंकलेल्या आहेत, ते दिसायला मराठी आणि आतून रोमन चिन्हे! त्यापुढे मनोहर बिचारा एबीसीडीतला कसलासा मंत्र म्हणत राहतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. फोटो काढून धाडलेल्या सूचनांची कथा तर त्याहून वाईट. त्यात यंत्राच्या दृष्टीने अक्षरेच नसतात, नुसते चित्र. आणखी एक मौज आहे. अक्षरांची अदलाबदल कान चटकन पकडतो. 'सरळ'चे 'सळर' झाले तर मी खुर्चीतून उडते. पण विद्यार्थ्याने 'आणि'ला दीर्घ वेलांटी दिली तर मनोहर दोन्ही 'णी' जवळजवळ सारखेच म्हणतो, आपणही बोलताना तेच करतो. ऱ्हस्वदीर्घासाठी मला नियमाची पट्टी हाती धरून डोळ्यांनीच बसावे लागते. एकेक पान, सावकाश.

एकदा शिक्षककक्षात मी कानाला यंत्र लावून निबंध तपासत होते. एक ज्येष्ठ सहकारी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मराठीच्या मॅडमना मराठी वाचायला यंत्र लागतं?" सगळे हसले. त्यांच्या स्वतःच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता, पण ते त्यांच्या ध्यानात आले नसावे. मी उत्तर दिले नाही. त्या महिन्यात माझा गठ्ठा मुदतीच्या चार दिवस आधी कार्यालयात गेला, एवढे मात्र झाले.

माझे म्हणाल तर माझी मराठी पक्की होऊन गेलेली आहे. चार हिंदी उच्चारांनी ती बिघडणार नाही. काळजी वाटली ती मुलीची. ती आता सातवीत आहे आणि इतिहास, भूगोल, विज्ञान सगळे कानांनीच वाचते. एके दिवशी जेवताना म्हणाली, "आई, आज 'विग्यान'चा धडा संपला." तिच्या आजीने घास खाली ठेवला. ज्या मुलीला पुस्तकातली भाषा यंत्राच्याच तोंडून कळायची, तिला ते यंत्र शिकवील तीच मराठी पुस्तकी मराठी वाटणार. त्याच रात्री घरातल्या एकूण एक फोनांवर आणि संगणकावर मराठीची पाटी लागली. आमच्या ह्यांच्या फोनवरसुद्धा, ज्यांनी आयुष्यात कधी काही वाचून घेतलेले नाही!

सध्या आजी-नात मिळून उच्चारांचा कोश करीत आहेत. एनव्हीडीए नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे. ती मूळची अंधांसाठी, २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली. तिच्यात 'हे लिहिले असेल तर असे म्हण' अशी यादी करून ठेवता येते. 'प्रा.' दिसले की 'प्राध्यापक', 'इ. स.' दिसले की 'इसवी सन', 'रु.' दिसले की 'रुपये'. नात टंकते, आजी सांगते आणि ऐकून पास-नापास करते. आमच्या आडनावापाशी गाडी दोन दिवस अडली होती. परवा रात्री यंत्राने ते एकदाचे बरोबर म्हटले. तेव्हापासून सासूबाई 'क्ष' आणि 'ज्ञ'च्या मागे लागल्या आहेत.