कंप्रेसर जरूर बदला, पण जुगाडाची शाबासकी नको

गाडीतला एसी म्हणजे चैन, असे अजूनही म्हणणाऱ्यांनी एप्रिलच्या दुपारी मार्केट यार्डात यावे आणि मालाच्या गाड्यांच्या रांगेत तासभर केबिनमध्ये बसून दाखवावे. टॅक्सी चालवणाऱ्या आपल्या भावांसाठी तर एसी हे धंद्याचे हत्यार आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये हैदराबादच्या ॲप-टॅक्सी चालकांनी ‘नो एसी’ मोहीम काढली, कारण एसी लावला की इंधनाचा खर्च वाढतो आणि भाडे मात्र तेवढेच राहते. थंड हवा गिऱ्हाइकाला, खर्च चालकाला. कंप्रेसर जाम झाला की ते बिलही त्याचेच.

म्हणून वस्तीत हे काम घराच्या दारातच उरकले जाते. नात्यातला कुणी गॅरेजात असतो, मोबाईलवर व्हिडिओ असतो, भंगारातून आणलेला कंप्रेसर असतो. पट्टा सैल करायचा, दोन पाइप सोडवायचे, बोल्ट काढायचे, दुसरा बसवायचा. पान्याचे काम म्हणून यात फार अवघड काही नाही, आणि आपल्या पोरांनी ते घरी करू नये असे आम्ही म्हणणार नाही. कित्येकदा तर कंप्रेसर शाबूत असतो. गॅस कमी झाल्यामुळे प्रेशर स्विचने तो बंद ठेवलेला असतो, नाहीतर चुंबकी क्लचची कॉइल जळालेली असते. हे ज्याला कळते त्याला सहसा कुणी गंडवू शकत नाही.

आमचा आक्षेप आहे तो पाइप सोडवण्याच्या क्षणाला. आत गॅस दाबाखाली असतो. बहुतेक गाड्यांतला आर-134ए उणे 26 अंशाला उकळतो; अंगावर उडाला की कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हवेत सोडलेला हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट उष्णता धरून ठेवतो, आणि वाढत्या उन्हाची झळ पत्र्याच्या घराला आधी लागते, बंगल्याला नंतर. तो यंत्राने काढून साठवायचा असतो. मग ड्रायर आणि ओ-रिंगा नव्या हव्यात, तेल ठरल्या प्रकारचे आणि ठरल्या मापाचे हवे, जाम झालेल्या कंप्रेसरने सोडलेला धातूचा चुरा लाइनमधून धुऊन काढायला हवा. शेवटी व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची. ओल राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो, आम्ल तयार होऊन आतले भाग खाल्ले जातात. चुरा राहिला तर बसवलेला कंप्रेसरही जातो. पंप नाही, गेज नाही, गॅस काढायचे यंत्र नाही, तरी पोरगा काम करून दाखवतो, आणि लोक त्याला ‘जुगाडू’ म्हणून पाठीवर थाप मारतात.

ही थाप आम्हाला मान्य नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या धाडसाचेही असेच कौतुक होते आणि यंत्र मात्र येत नाही. हातांना काम द्यायचे, साधन आणि कागद द्यायचा नाही, हा प्रकार आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे.

काही मित्र विचारतील, पोरांना पुन्हा पान्या-हातोड्याकडेच का ढकलता? प्रश्न रास्त आहे. पण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले की जात नुसती कामे वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते. जन्माने गळ्यात पडलेल्या कामाला त्यांचा विरोध होता, यंत्रविद्येला नव्हता. 1942 ते 1946 या काळात ते मजूरमंत्री असताना तंत्रप्रशिक्षण त्यांच्याच खात्याकडे होते. एसीचे काम हा कुठल्या जातीचा वारसा नाही. त्यात दाब, उष्णता आणि वीज यांचे शास्त्र आहे. ते नीट शिकलेल्या पोराला जन्मभर कुणाचा हेल्पर राहावे लागत नाही.

आणि वेळ आत्ताची आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. (छोट्या टेम्पोला नाही, तो चालवणाऱ्याला ऊन लागत नसावे! ते भांडण वेगळे मांडावे लागेल.) हे ट्रक यार्डात येणार, त्यांचे कंप्रेसर बिघडणार. दुकान टाकणारा भांडवलवाला आणि रोजंदारीवर बोल्ट काढणारा आपला पोरगा, हे होऊ द्यायचे नसेल तर जयंतीच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कमी करा. त्या पैशांतून व्हॅक्यूम पंप आणि गेजचा संच घ्या. गॅस काढायचे यंत्र महाग असेल तर दोन-तीन वस्त्यांनी मिळून घ्यावे. समाजमंदिराच्या खोलीत ठेवा, वापराची वही ठेवा, हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. ज्यांना काम येते त्यांना आधीच्या कौशल्याच्या आधारे प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी योजनेत आहे. ते अर्ज भरून द्यायला आपल्या पदवीधर कार्यकर्त्यांनी रविवारी दोन तास बसावे. दहावी झालेल्यांना आयटीआयच्या मेकॅनिक आणि एसी-रेफ्रिजरेशन या ट्रेडची माहितीही तिथेच द्यावी, मुलींना सुद्धा.