ओघळणारे काजळ आणि खानदेशातला वैशाख

'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गात पार्वतीला लग्नासाठी सजवले जाते. वर्गात हा सर्ग शिकवताना आपण उपमांपाशी थांबतो, अलंकारांची नावे फळ्यावर लिहितो आणि परीक्षेला येणार नाहीत अशा तीन जागा भराभर ओलांडतो. पहिली जागा काजळाची. सजवणाऱ्या स्त्रिया पार्वतीच्या डोळ्यांत काजळ घालतात, ते डोळ्यांची शोभा वाढावी म्हणून नव्हे, तर ते मंगल आहे म्हणून. दुसरी जागा मेनेची. लेकीच्या हाताला लोकरीचे सूत्र बांधताना तिचे डोळे इतके भरून येतात की ती ते भलत्याच जागी बांधते आणि दाई आपल्या बोटांनी ते सरकवून नीट करते. तिसरी जागा लाजाहोमाची. पुरोहिताच्या सांगण्यावरून पार्वती लाह्यांचा सुगंधी धूर ओंजळीने चेहऱ्याकडे घेते. त्या धुराने तिचे गाल किंचित ओलसर आणि आरक्त होतात, डोळ्यांतले काजळ पसरते, कानावर खोवलेले यवांकुर कोमेजतात.

कालिदास हे बिघाड म्हणून सांगत नाही. विधी त्या चेहऱ्यावर घडून गेला, याची ती खूण आहे. नटवलेला चेहरा आणि लग्न लागून गेलेला चेहरा यांत फरक पडायचाच, आणि कवीची नजर दुसऱ्यावर अधिक आहे.

आता हा सर्ग मिटून जळगावात या. वैशाखातली तीथ, शाळांच्या सुट्ट्या, रब्बीची आवराआवर झालेली, पेरणीला अवकाश. म्हणजे लग्ने एप्रिल-मेमध्येच. त्या दिवसांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला तर त्याची बातमी होत नाही, चर्चा तेवढी होते. धुळ्यातही दुपार फारशी वेगळी नसते. नवरी पहाटे उठते, सकाळी खुर्चीत बसते, दुपारी बोहल्यावर उभी राहते. मग होम, सप्तपदी, मग शे-दोनशे माणसांबरोबरची छायाचित्रे, संध्याकाळी स्वागतसमारंभ आणि कॅमेऱ्याच्या दिव्यांची वेगळी उष्णता. मंडपात कूलर असतात, पण त्यांचा वारा पाहुण्यांच्या पहिल्या दोन रांगांपलीकडे जात नाही. बारा-चौदा तास तो चेहरा टिकला पाहिजे अशी सर्वांची अपेक्षा असते. आणि ब्यूटी पार्लरच्या पाटीवर 'वॉटरप्रूफ ब्रायडल मेकअप' ही अक्षरे नवरीच्या चित्राइतकीच मोठी असतात.

आपल्या वर्तुळातल्या लोकांची यावरची प्रतिक्रिया ठरलेली आहे. मुखवटा, बाजार, कृत्रिमता, अश्रूंनाही पुसता न येणारा रंग. एवढे म्हटले की एक ललित लेख तयार होतो. कालिदासाच्या त्या पसरलेल्या काजळाचा हवाला देऊन तो अधिक वजनदारही करता येईल. मला ही वाट सोयीस्कर वाटते, खरी वाटत नाही. पार्वतीचे लग्न हिमालयात लागले. तिच्यावर दुपारी बारा-साडेबाराची जळगावची हवा नव्हती, आणि तिची पसरलेली काजळरेघ पुढची चाळीस वर्षे अल्बममध्ये राहणार नव्हती. घामाने चेहऱ्यावर पांढरे-काळे ओघळ उतरलेल्या मुलीला 'हे किती नैसर्गिक' म्हणून सांगण्याचा अधिकार पंख्याखाली बसून वरण-बट्टीची वाट पाहणाऱ्या समीक्षकाला कोणी दिला? टिकाऊ प्रसाधन ही त्या दिवशी सर्वांत जास्त राबणाऱ्या व्यक्तीची साधी गरज आहे, असे मी मानतो. आक्षेप घ्यायचाच असेल तर तो टिकाऊपणावर नसावा. काय टिकवले जाते आहे, यावर असावा.

त्यासाठी आधी ते टिकते कसे, हे पाहिले पाहिजे. (हा भाग ज्यांना हलका वाटेल त्यांना एक आठवण करून देतो. भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिणाऱ्या वि. का. राजवाड्यांचे निधन धुळ्यातच झाले, १९२६ साली. लग्नातली कोणतीही बारीकसारीक गोष्ट त्यांना हलकी वाटली असती असे मला वाटत नाही.) जुने काजळ म्हणजे काजळी आणि तूप किंवा एरंडेल. ते पाण्यात विरघळत नाही, पण उष्णतेने मऊ होते आणि त्वचेवरच्या तेलाबरोबर वाहते. आजच्या टिकाऊ फाउंडेशनची युक्ती निराळी आहे. त्यातले रंगकण एका लवकर उडून जाणाऱ्या द्रवात आणि सिलिकोनच्या जातीच्या राळेत मिसळलेले असतात. लावल्यावर तो द्रव काही मिनिटांत उडून जातो आणि त्वचेवर रंग धरून ठेवणारा एक पातळ, लवचीक पापुद्रा उरतो. पाणी त्यात शिरत नाही. तेल मात्र शिरते. म्हणून घामापेक्षा कपाळाचे आणि नाकाचे तेल हा या पापुद्र्याचा खरा शत्रू. वर पुन्हा पुन्हा पावडर थापून तो हटत नाही, थर तेवढे वाढतात आणि दुपारपर्यंत त्यांना भेगा पडतात. जाणत्या बाया पातळ थर देतात, प्रत्येक थर वाळू देतात, आणि नंतर चेहरा पुसण्याऐवजी टिपकागदाने नुसता टिपतात. धुळ्यातल्या एका पार्लरवाल्या ताईंनी मला हे एका वाक्यात सांगितले: "सर, घासलं की गेलं, टिपलं की राहिलं."

'वॉटरप्रूफ' या शब्दाकडेही भाषेच्या माणसाने थोडे संशयाने पाहावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ च्या नियमांनी उन्हापासून रक्षण करणाऱ्या मलमांवर हा शब्द छापायला बंदी केली. 'पाण्याला टिकणारे' एवढेच म्हणा, आणि ४० मिनिटे की ८० मिनिटे तेही लिहा, असे सांगितले. लग्नाच्या प्रसाधनाला ही बंदी नाही, त्यामुळे तिथे शब्द मोकाट आहे. डोळ्यांच्या पापण्यांना लावायचे पाण्याने न जाणारे मस्कारा १९३० च्या दशकात व्हिएन्नातल्या हेलेन विंटरश्टाइन-काम्बेर्स्की या गायिकेने तयार केले. रंगमंचावरचे दिवे, घाम आणि भूमिकेतले रडणे हा तिचा रोजचा प्रश्न होता. म्हणजे हे प्रसाधन जन्मले तेच भर उजेडात, लोकांसमोर रडाव्या लागणाऱ्या बाईसाठी. आपल्या नवरीची पाठवणीच्या वेळची अवस्था याहून फार वेगळी नसते.

खानदेशातल्या लग्नात मात्र एक अडचण अशी आहे की ती व्हिएन्नाच्या गायिकेला नव्हती. हळद! आदल्या दिवशी हळद तेलात कालवून अंगभर लावतात. हळदीतला पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून नुसत्या पाण्याने न्हाऊन तो जात नाही, आणि मागे राहिलेला तेलाचा लेप दुसऱ्या दिवशीच्या पापुद्र्याला त्वचेवर धरू देत नाही. सकाळी चेहरा साबणाने दोनदा नीट धुतला नाही तर महागातले प्रसाधनही दुपारी गळ्यापर्यंत सरकते. शिवाय त्वचेवर पिवळी झाक असताना रंग जुळवला तर तो फसतो. नवरीचा रंग जुळवायचा तो हळदीच्या आधी, दिवसाच्या उजेडात, जबड्याच्या कडेला, मानेशी ताडून. लावल्यावर अर्धा तास थांबायचे, कारण काही द्रव्यांचा रंग हवा लागून गडद होतो. पार्लरमधल्या पिवळ्या दिव्याखाली हाताच्या मनगटावर रेघ ओढून हे कळत नाही.

पण खरी गोष्ट ही की बहुतेक वेळा रंग जुळवायचाच नसतो.

इथे मी मुद्द्यावर येतो. खानदेशातल्या शेतात, उन्हात वाढलेल्या मुलींचा रंग बहुधा सावळा. आपल्या भाषेकडे त्यासाठी शब्दांची केवढी श्रीमंती आहे: सावळी, काळीसावळी, गव्हाळ, निमगोरी, उजळ. कोणत्याही कंपनीच्या रंगपट्टीवरच्या आकड्यांपेक्षा हे शब्द अधिक नेमके. विठ्ठलाला आपण याच सावळेपणासाठी डोक्यावर घेतले. परंतु स्थळ सुचवताना हेच शब्द दर्जा उतरवत नेणाऱ्या पायऱ्या होतात, आणि लग्नाच्या सकाळी पार्लरच्या खुर्चीमागे उभी असलेली आत्या किंवा मावशी म्हणते, "ताई, फोटोत जरा उजळ दिसू द्या पोरीला." ताई दोन छटा वरची बाटली उघडते. मान, कान, हात तसेच राहतात. कधी हातांनाही लावतात, आणि मेंदी भरलेले तळवे व पांढुरके मनगट अशी विचित्र जोडणी होते. काही पावडरींतली खनिजे कॅमेऱ्याचा झोत परतवतात, त्यामुळे छायाचित्रात तोच चेहरा राखेसारखा दिसतो. आणि हे सगळे बारा-चौदा तास टिकावे म्हणून जास्तीचे पैसे दिलेले असतात.

घामाने उतरणारे जुने प्रसाधन निदान दुपारनंतर मुलीला तिचा चेहरा परत देत असे. नवे देत नाही. हा माझा आक्षेप. तंत्र सुधारले ते चांगलेच झाले, पण त्या तंत्राच्या हाती आपण एक जुना दुराग्रह सोपवला आणि त्यालाही घामापाण्याने न जाणारा करून ठेवले. एका मोठ्या कंपनीने २०२० साली आपल्या प्रसिद्ध मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' घातला. मंडपातल्या आत्याबाईंनी नाव बदलण्याची वाट पाहिली नव्हती. त्या आधीपासूनच 'ग्लो' म्हणत होत्या आणि अर्थ तोच होता. गडद त्वचेला जुळणाऱ्या छटा आता मिळत नाहीत असेही नाही. २०१७ मध्ये गायिका रिहानाच्या कंपनीने एकदम ४० छटा बाजारात आणल्यावर इतरांनाही पट्ट्या लांबवाव्या लागल्या. छटा मिळतात, त्या खुर्चीत बसलेल्या मुलीपर्यंत पोचत नाहीत, कारण दुकानदार म्हणतो मागणी नाही, पार्लर म्हणते घरचे ऐकत नाहीत, आणि मुलीला कोणी विचारलेलेच नसते.

यावर देशीवादाचा झेंडा घेऊन कोणी म्हणेल की मग रसायने सोडा, डाळीचे पीठ आणि हळद पुरे. खानदेशाचे नेमाडे यांचे नाव घेतले की असे काहीही पुढे करता येते, असा एक समज आहे. पण सावळ्या मुलीला डाळीचे पीठ चोळण्यामागची इच्छा काय होती? 'रंग उजळतो' हीच. आजीच्या वाटीत आणि पार्लरच्या बाटलीत त्या बाबतीत फरक नाही. ती परंपरा निर्मळ होती असे मानणे म्हणजे आपल्याच ओव्या-म्हणी न वाचण्यासारखे आहे.

सजवणाऱ्या बाईला दोष देणेही मला पटत नाही. तिच्या धंद्याचे जुने नाव सैरंध्री. विराटाच्या महालात द्रौपदीने अज्ञातवासासाठी निवडले ते हे काम, आणि खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ने (१९०७) ते नाव मराठी रंगभूमीवर आणले. ज्या घरात ती दुसऱ्या स्त्रीला सजवते त्या घरात तिला आपले मत नसते, हे त्या कथेचे मर्म आहे. आजची सैरंध्री जळगावहून धुळ्याचे सुमारे ९० किलोमीटर पेटी घेऊन सकाळी सातला पोचते, तिचे पैसे नवरीचे काका देतात, आणि पुढचे काम त्याच कुटुंबाच्या शेजारच्या घरातून मिळायचे असते. तिने आत्याबाईंशी वाद घालावा ही अपेक्षा वर्गात बसून करणे सोपे आहे. वाद घालता येतो तो महिनाभर आधी, चाचणीच्या दिवशी, नवरी एकटी किंवा मैत्रिणीला घेऊन आली असेल तेव्हा. त्या दिवशी जो रंग ठरेल तो वहीत लिहून ठेवावा, आणि लग्नाच्या सकाळी वही पुढे करावी. पापण्यांच्या गोंदाने कोणाला सूज येते तेही त्याच दिवशी कळते. काही चांगल्या पार्लरवाल्या हे करतात. त्यांना ग्राहक कमी मिळतात असे मला आढळले नाही.

राहता राहिला एक प्रश्न, ज्याचा उल्लेख कोणत्याच दरपत्रकात मला दिसला नाही. हे सारे काढायचे कोणी? लावण्याला तीन तास, दोन बाया आणि एक आरसा असतो. काढायला रात्री बारा-एक वाजता, सासरच्या अनोळखी न्हाणीघरात, नवरी एकटी असते. साबणपाण्याने तो पापुद्रा सुटत नाही. ती घासत राहते, डोळे लाल होतात, पापण्या तुटतात, आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला बसताना चेहऱ्यावर चट्टे असतात. मेनेचे चुकलेले सूत्र नीट करणारी दाई तिथे नसते. उपाय साधा आहे. जे तेल पापुद्र्याचा शत्रू, तेच इथे कामाचे. खोबरेल बोटांवर घेऊन मिटलेल्या पापण्यांवर आणि गालांवर हलके फिरवायचे, मिनिटभर थांबायचे, कापसाने टिपायचे, मग सौम्य साबणाने धुवायचे. बस्ता फाडताना शंभर वस्तूंची यादी होते. खोबरेलाची छोटी बाटली आणि कापसाची पुडी त्या यादीत नसते. ती नवरीच्या बॅगेत वरच, हाताशी येईल अशी ठेवावी.