जुनी वाट कधी बंद करावी?

सी प्लस प्लस या संगणकीय भाषेत फंक्शनच्या पुढे 'थ्रो' लिहून कंसात चुकांचे प्रकार नोंदवायची सोय होती. काम बिघडलंच तर याच कारणांनी बिघडेल, अशी आगाऊ हमी. पण यादीबाहेरची चूक निघाली की सहसा अख्खा प्रोग्रॅमच बंद पडायचा. म्हणून 2011 मध्ये ही सोय कालबाह्य ठरवली आणि त्याच वेळी 'नोएक्सेप्ट' हा पर्याय दिला. जुनी सोय काढली मात्र 2017 मध्ये. तिचं रिकाम्या कंसाचं रूप तर 2020 पर्यंत राहू दिलं. कुणाचा जुना कोड एका रात्रीत मोडू नये, म्हणून.

माझं पोट कोडवर चालतं. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलो की मोबाइलची रेंज जाते आणि मला हा सगळा सावधपणा आठवतो.

रोजगार हमीची मजुरी आधी दोन वाटांनी जाई: खाते क्रमांकावर किंवा आधारवर. 1 जानेवारी 2024 पासून आधारचीच सक्ती झाली. मुदत अनेकदा वाढवली होती, हे खरं. बोगस मजूर हजेरीपटावर चढत, हेही खरं. त्यांना आळा घालायलाच हवा. पण जॉबकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, किंवा बँकेत आधार नीट जोडलेलं नसलं, तर पैसे अडतात. पूर्वी अशा वेळी खाते क्रमांक कामी येई. चूक सांभाळणारी ती वाटच बंद झाली.

अडचण असलेल्या ग्रामपंचायतीला सूट देण्याचा विचार करू, असं केंद्राने म्हटलं होतं. पण ती मागायची कुणी? पैसे अडल्याची नोंद दिसते कार्यालयातल्या संगणकावर. सेमाडोहकडच्या मजुराला एवढंच कळतं की खात्यात काही आलं नाही. मेळघाटातला कोरकू माणूस होळीला बाहेरगावचं काम सोडून घरी येतो. बाजार करायला त्याला तेव्हाच पैसा लागतो.

मजुरी 15 दिवसांत द्यावी, असं कायदाच सांगतो. तेवढ्यात आधारची वाट अडली, तर रक्कम आपोआप खाते क्रमांकावर वळवावी. नाव दुरुस्त करण्याचं काम कार्यालयाने मागाहून, सवडीने करावं.