खोटारडा काटा

परभणीत विमानतळ नाही, जवळचा म्हणजे नांदेडचा. तरी शनिवारी रात्री मी घरच्या कॉम्प्युटरवर ढगातून नांदेडला विमान उतरवतो. काचेबाहेर सगळं पांढरं, समोर फक्त काटे. आई म्हणते, "काहीच दिसंना की रे, मग बघतोस काय?" अहो, मुद्दा तोच तर आहे!

१ जानेवारी १९७८. मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. विमान किती कललंय ते दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं होतं. सरळ असलेलं विमान त्यात उजवीकडे कललेलं दिसलं, म्हणून कॅप्टनने ते डावीकडे कलवलं. बाहेर मिट्ट काळोख. कॉकपिटमधली तशीच इतर यंत्रं मात्र बरोबर होती.

म्हणून माझं मत: नुसती देखणी लँडिंगं करण्यात मजा नाही. एखादं यंत्र मुद्दाम बिघडवा आणि बाकीच्यांशी ताडून खोटारडा शोधा. डीबगिंग करताना आपण एकाच लॉगवर विसंबतो का? घरची खुर्ची हलत नाही, त्यामुळे शरीराला होणारे भास इथे कळत नाहीत, हे कबूल. पण नजर फिरती ठेवायची सवय नक्की लागते.

परवा खोटारडा सापडेपर्यंत मी विमान गोदावरीत घातलं होतं. असो. आज परत बसणार.