भूजल कोणाच्या मालकीचे?

उन्हाळा लागला की तामिळनाडूतील तिरुचेंगोडे भागातून आलेल्या, कूपनलिका खोदणाऱ्या गाड्या मराठवाड्याच्या शिवारांत दिसू लागतात. रात्रभर घरघर चालते आणि सकाळी पांढऱ्या भुकटीचा ढीग तेवढा मागे राहतो. भोक कोरडे गेले तरी गाडीवाल्याचे पैसे फुटावर ठरलेले असतात. बुडतो तो शेतकरी. तो पुन्हा कर्ज काढतो आणि बांधाच्या दुसऱ्या कडेला खोदतो. या व्यवहारात काही बेकायदा घडते आहे असे कोणालाच वाटत नाही, कारण ज्याची जमीन त्याचे पाणी हा समज मनात पक्का रुजलेला आहे.

त्या समजाला १८८२च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार आहे. निश्चित प्रवाह नसलेले जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क या कायद्याने जमीनमालकास दिला. अर्थात ज्याला जमीन नाही त्याला भूजलात वाटाच नाही. परंतु पाणी सातबारा पाहून वाहत नाही. महाराष्ट्राचा चार-पंचमांशांहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेही थोडेच. शेजारच्या सधन बागायतदाराने पाचशे फूट खोल कूपनलिका घेतली की अल्पभूधारकाची चाळीस फुटी विहीर आटते. मालमत्तेच्या हक्काचे नाव पुढे करून येथे वस्तुतः भांडवलाचा हक्क चालतो.

शासनाची धोरणे या शर्यतीला इंधनच पुरवतात. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. गरीब शेतकऱ्याचे बिल माफ व्हावे याबद्दल समाजवाद्यांत दुमत नाही. परंतु किती उपसा केला हे न पाहता दिलेली सवलत सर्वाधिक उपसणाऱ्यालाच सर्वाधिक मिळते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पावसाचे पाणी अडविण्यासाठी म्हणून अनुदान घेतलेली शेततळी प्लास्टिक अंथरून कूपनलिकेच्या पाण्याने भरली जातात. भूगर्भात सुरक्षित असलेले पाणी उन्हात वाफ होण्यासाठी वर आणण्याचा हा उद्योग! उसाचे तर बोलायलाच नको. लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेत राज्याच्या सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी हे पीक पिते, असे कृषी मूल्य आयोगानेच नोंदविले आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. तो जिल्हाही उसाचाच.

कायदे नाहीत असे नाही. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. २००९ साली विधिमंडळाने संमत केलेला व्यापक कायदा राष्ट्रपतींच्या संमतीसाठी थांबून २०१४ साली अमलात आला. साठ मीटरांहून खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. खोदयंत्रांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. नियमांचा मसुदा निघायला मात्र २०१८ साल उजाडले.

दुसरा मार्ग १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात दाखविला. पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडून माणसाला जोडला: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, भूमिहीनांनाही वाटा, उसाला बंदी. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविते. अशा गावांचे सत्कार करणे सरकारला स्वस्त पडते. त्यांचा नियम राज्याचा नियम करणे महाग पडते, कारण मग साखर कारखान्यांच्या अध्यक्षांना नाही म्हणावे लागेल.

तेव्हा १८८२च्या तरतुदीतून भूजल वगळावे, पाणलोटनिहाय वाटपाचा अधिकार ग्रामसभांना द्यावा आणि त्यात भूमिहीनांचा वाटा कायद्यानेच लिहावा, ही मागणी विधिमंडळात रेटली पाहिजे. तोवर निदान खोदणाऱ्या गाड्यांची नोंदणी तरी तालुक्याच्या वेशीवर तपासली जावी. एवढी मोठी गाडी तहसीलदारांना दिसत नाही, हे कोणी मान्य करणार नाही.